बिजलीचा पाय

घोडा कोणत्या पायाने लंगडतो आहे हे ओळखायचे असेल, तर त्याच्या पायांकडे पाहू नये; डोक्याकडे पाहावे. दुखरा पुढचा पाय जमिनीला लागला की तो डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की खाली आणतो. दुखऱ्या पायावर भार कमी यावा म्हणून चाललेली ही त्याची धडपड असते. हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, माथेरानच्या तांबड्या वाटेवर, माझ्याच वर्गातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने शिकवले. तोवर मी इतरांसारखी पायांकडेच पाहत होते. वीस वर्षे मुलांना शिकवताना आणि त्यातली दहा वर्षे कादंबऱ्या लिहिताना मी दुसऱ्याचे दुखणे पाहत आले, ते बहुधा चुकीच्याच जागी पाहत आले, असा संशय मला तेव्हापासून छळू लागला आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञानाची जी काही पुस्तके वाचली ती शाळेच्या कपाटातली, धूळ झटकून. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून सिद्धान्ताची अपेक्षा करू नये. मला एक प्रश्न पडला आहे, तो फराळाच्या ताटाशेजारी ठेवते, इतकेच. ज्याला एकदा इजा झाली आहे, त्याच्याकडून पुन्हा काही मागण्याचा अधिकार आपल्याला केव्हा येतो?

ज्यांनी माथेरान पाहिले आहे त्यांना तिथली वाट सांगायला नको. मोटारी दस्तुरीच्या नाक्यावर थांबतात. पुढे पायी जावे, नाहीतर घोड्यावर, नाहीतर अमन लॉजपासून झुकझुक गाडीने. २०२२ च्या डिसेंबरापासून काही ई-रिक्षाही फिरू लागल्या. पण आमच्या शाळेतल्या कितीतरी घरांची चूल अजून घोड्यावरच पेटते. अशाच एका घरची बिजली. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा. २०२४ ची दिवाळी उरकता उरकता, उतारावर एका पावसाने खोदलेल्या घळीत तिचा पुढचा डावा पाय अडकला आणि निघाला तो लंगडतच. नळीच्या हाडामागे केळ्यासारखी बाकदार सूज आली. डॉक्टर खालून वर आले, हात फिरवून म्हणाले, "कंडरा दुखावली आहे. वर्ष जाईल."

वर्ष! घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. हाड, कंडरा आणि कातडे. सगळा डौल, सगळी धाव या दोऱ्यांवर तोललेली. तिथे रक्ताचा पुरवठा तुटपुंजा, त्यामुळे भरून येणे मंद. आणि भरून आले तरी नवा धागा जुन्याइतका लवचीक नसतो. त्याला हळूहळू ताण देऊन, सरळ रेषेत, कामाला लावावे लागते. नुसते बांधून ठेवले तर तो वेडावाकडा जुळतो, घाईने पळवले तर तुटतो. डॉक्टरांनी सांगितले ते असे: दोन महिने ठाणावर विश्रांती. मग पाठीवर कोणी न बसता, मोरखी धरून, सपाट आणि टणक वाटेवर रोज दहा मिनिटे चालवायचे. दर पंधरवड्याला पाच मिनिटे वाढवायची. गोल फिरवायचे नाही, कारण वळणात आतल्या पायावर भार येतो. मऊ भुसभुशीत धुळीत न्यायचे नाही. दुडकी चाल तर सहा-सात महिने विसरायची.

आता हे रोज करायचे कोणी? घोडीची कमाई बंद झाल्यावर धनी मजुरीला जाऊ लागला. घरात म्हातारी आई, बायको, दोन लेकरे. चालवण्याचे काम मोठ्या मुलावर आले आणि तो शाळेत दिसेनासा झाला. मी चौकशीला गेले. त्या सुमारास माझ्या डॉक्टरांनी मला सकाळी अर्धा तास चालायची ताकीद दिली होती, आणि मी ती कुठल्याही सज्जन रुग्णाप्रमाणे मोडत होते. मी म्हटले, "दादा, सकाळी मी नेते हिला. पोराला शाळेत पाठवा." तो संकोचला. म्हातारी हसली, "बाई, घोडी म्हणजे पुस्तक नाय हो, पान धरून उलटायला." पण मुलाने दोन दिवस माझ्याबरोबर चालून मला सगळे शिकवले. दावे हाताला गुंडाळायचे नाही. ओढायचे नाही. तिच्या खांद्याशी राहायचे, पुढे नाही, मागे नाही. थांबताना आपण आधी श्वास सोडायचा, मग ती थांबते. आणि डोक्याकडे पाहायचे.

जानेवारीपासून मी आणि बिजली रोज सकाळी चालू लागलो. चालणे म्हणजे केवळ चालणे नव्हे. चार पावले चाला, थांबा. दोन पावले मागे या. कुल्ला बाजूला घ्या. पुढे पुढे वाटेत बांबूचे वासे आडवे टाकून त्यांवरून पाय उचलायला लावायचे. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. स्वार पाठीवर असला की त्याला घोड्याचा चेहरा दिसत नाही. पाठ दिसते आणि वाट दिसते. बरोबरीने चालणाऱ्याला कान दिसतात, डोळ्यावरची सुरकुती दिसते, नाकपुडी ताठरलेली दिसते. २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यात मागे ताठ धरलेले कान आहेत, आवळलेले डोळे आहेत, ताणलेले तोंड आहे. आमच्या म्हातारीला ते न वाचताच ठाऊक होते. शिकार होणारे जनावर दुखणे लपवते, कारण रानात लंगडणारा पहिला मारला जातो. तेव्हा घोडा दुखते असे सांगतो तेव्हा त्याला बरेच सोसून झालेले असते.

मे महिना आला. वर माणसांची जत्रा. बिजली पंचेचाळीस मिनिटे चालत होती आणि डोके ओळंब्यासारखे स्थिर. एका संध्याकाळी धनी शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "बाई, एक बारकं पोर बसवलं तर? वीस किलोचं. सपाटीनं. तासाचे पैसे मिळतील." मी म्हटले, "नको दादा. डॉक्टरांनी सांगितलंय." तो गेला. त्याने बसवले नाही.

ही गोष्ट मी अभिमानाने सांगत होते, पण सांगता सांगता ती मला टोचू लागली. नको म्हणायला मला काय लागत होते? माझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. माझ्या दयेची किंमत तो मोजत होता. त्या वर्षी पाऊसही कसा, २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला. म्हणजे हंगामाचे शेवटचे दिवसही गेले. त्याच्या घरी त्या दिवसांत काय शिजत होते हे मी विचारले नाही. जनावरावर दया करणारी माणसे मी खूप पाहिली आहेत. घोडेवाल्यावर दया करणारी थोडी. हॉटेलाच्या व्हरांड्यात बसून कोणी विचारते, "यांच्यावर बसणं हीच क्रूरता नाही का?" प्रश्न खोटा नाही. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितले, तेव्हा माणसाने माणसाला ओढू नये हे सगळ्यांना पटले. घोड्याबद्दलही उद्या तसे पटेल कदाचित. पण आज बिजलीवर कोणी बसणार नाही असे ठरले, तर ती रानात मोकळी चरणार नव्हती. ती विकली जाणार होती, आणि लंगड्या घोडीला कोण विकत घेतो आणि कशाला, ते व्हरांड्यातल्या गृहस्थांना सांगावेसे वाटत नाही. तिचे काम करू शकणे हेच तिचे घर होते. म्हणून तिच्याकडून काही न मागणे, ही मला वाटते तितकी निर्मळ गोष्ट नव्हती.

जूनमध्ये पाऊस उघडेल तसे आम्ही चालत होतो. आता वाट थोडी लांबवली होती आणि वाटेत ते वळण येई, जिथे तिचा पाय अडकला होता. घळ केव्हाच बुजवलेली होती. पण बिजली तिथे येऊन थांबे. मान ताठ, कान पुढे. मी पाय पाही, हात लावून पाही. ऊन लागत नसे, सूज नसे. तरी मला वाटे, हिला दुखत असले पाहिजे. मी थोपटून परत वळवी. असे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी मजुरी नव्हती म्हणून धनी बरोबर आला. वळण आले, ती थांबली. त्याने माझ्या हातातून दावे घेतले, जराही न बोलता, न थांबता, स्वतः त्या बुजलेल्या घळीवर जाऊन उभा राहिला, पायाने माती चाचपली, आणि चालू लागला. बिजली त्याच्यामागून गेली. जणू तिथे कधी काही घडलेच नव्हते.

मी ओशाळले. तो म्हणाला, "बाई, ती जागेला नाय भीत. तुमच्या हाताला भिते. वळण दिसलं की तुमी दावं आवळता."

मला ते कळतही नव्हते. दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन पाहिले, तर खरेच, वळणाच्या वीस पावले आधी माझी मूठ घट्ट होत होती आणि श्वास अडत होता. घोडीला माणसाच्या भाषेतला एक शब्द कळत नसला तरी मूठ कळते. मी रोज तिला विचारीत होते, "दुखतं का ग?" आणि ती रोज माझेच उत्तर मला परत देत होती.

पुढे मी वाचले तेव्हा समजले की या चुकीत मी एकटी नाही. जर्मनीत, बर्लिन शहरात, शतकापूर्वी एक निवृत्त शाळामास्तर होता, फॉन ओस्टेन नावाचा. त्याने हान्स नावाच्या घोड्याला गणित शिकवले. प्रश्न विचारला की घोडा खुराने तितक्या टापा देई. बेरीज, वजाबाकी, तारीखवार, सगळे. १९०४ मध्ये जाणत्या लोकांची समिती बसली आणि तिला यात लबाडी सापडली नाही, खरेच नव्हती. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने बारकाईने पाहिले. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले की हान्सलाही येत नसे. विचारणारा दिसत नसला तरी येत नसे. टापांची संख्या बरोबर झाली की विचारणाऱ्याची मान त्याच्या नकळत किंचित सरळ होई, आणि घोडा ते पाहून थांबे. १९०७ मध्ये फुंग्स्टने हे प्रसिद्ध केले. लोक हान्सला हसले, मास्तरला हसले. मास्तरने ते शेवटपर्यंत मानले नाही. १९०९ मध्ये तो वारला. मला मात्र त्या म्हाताऱ्याबद्दल फार वाटते. तो फसवीत नव्हता. आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडून आपणच बोलतो आहोत हे त्याला दिसत नव्हते, एवढेच. आणि हे कोणत्या शिक्षकाला दिसते?

त्याहून फार जुना, सुमारे साडेतेवीसशे वर्षांपूर्वीचा, झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी. त्याने घोड्यांवर पुस्तक लिहिले. घोडा एखाद्या वस्तूला बिचकला तर त्याला मारू नये, आपण स्वतः जाऊन त्या वस्तूला हात लावावा आणि त्याला हळू जवळ न्यावे, असे तो सांगतो. मारले तर घोड्याला वाटते की दुःख त्या वस्तूतूनच आले. आमच्या धन्याने झेनोफन वाचला नव्हता. त्याने घळीवर पाय ठेवला.

या वळणापाशी मला एक मुलगा आठवला. पंधरा वर्षे झाली असतील. वर्गात वाचताना त्याची जीभ अडखळे, पोरे हसत. एकदा तो इतका अडला की रडत बाहेर गेला. त्या दिवसापासून मी त्याला उभे करून वाचायला सांगणे बंद केले. सगळ्यांची पाळी येई, त्याच्या बाकावरून ती हलकेच पुढे सरके. मी मनाशी म्हणे, आपण समजूतदार शिक्षिका आहोत. काही वर्षांपूर्वी तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. बोलत होता सगळे त्याचा धाकटा भाऊ. निघताना तो स्वतः, थांबत थांबत, मला म्हणाला, "बाई, तुम्ही मला वाचायला सांगायचं बंद केलंत ना, तेव्हा मला कळलं की मला येणार नाही." रागाने नव्हे. उलट मी त्याला सांभाळून घेतले याबद्दल तो आभार मानायला आला होता, आणि त्यातले हे एक वाक्य होते. मी ते वाक्य कोणत्याही कादंबरीत घातले नाही. घालवले नाही.

म्हणून मी ठरवले की आता हात आवळायचा नाही. मागायचे. धीराने, पण मागायचे. आणि इथे माझी दुसरी चूक झाली, जी पहिलीपेक्षा वाईट होती.

ऑगस्टात डॉक्टरांनी थोडी दुडकी चालवून पाहायला सांगितले. वीस पावले, सरळ, तेवढीच. दुडकीत दोनदोन पाय तिरपे जोडीने पडतात, त्यामुळे लंगडेपण लपत नाही. तीन दिवस ती छान दौडली. चौथ्या दिवशी दुडकी म्हटल्यावर तिने मान मागे घेतली. मला वाटले, पुन्हा तीच आठवण, पुन्हा तीच मूठ. मी मूठ सैल केली, श्वास सोडला, आणि पुन्हा मागितले. तिने पुन्हा मान मागे घेतली. मी तिसऱ्यांदा मागितले. मग ती पळाली. वीस पावले. डोके वरखाली झाले की नाही ते मी पाहिले नाही, कारण मी माझ्या धैर्याकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला हात लावला तर नळीमागे ऊन लागत होते.

धन्याला मी जाऊन सांगितले. तो काही बोलला नाही. बादलीत थंड पाणी घेऊन पायावर ओतत बसला. डॉक्टरांनी पंधरा दिवस मागे जायला सांगितले. पुन्हा नुसते चालणे. पंधरा दिवस म्हणजे त्या घरच्या हिशेबात किती, ते आता मला ठाऊक होते.

तेव्हा एक नियम पहिल्यांदा चुकला, दुसरा दुसऱ्यांदा चुकला. दुखते आहे की दुखल्याची आठवण आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. काही वेळा जिला होते तिलाही सांगता येत नसेल. मी धन्याला विचारले, "दादा, तुम्हाला कसं कळतं?" तो म्हणाला, "कुठं कळतं? थोडं मागायचं. नाय म्हणाली तर पाय बघायचा. पाय बरा असला तर उद्या परत थोडं मागायचं. लई मागितलं की नाय म्हणायला तिला जागाच राहत नाय. मग ती हो म्हणते, आन् मोडते."

हे वाक्य मी घरी जाऊन वहीत उतरले आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसले. तिसऱ्या वेळी ती पळाली होती तो तिचा होकार नव्हता, हे मला तेव्हा उमगले. मी नकाराला जागाच ठेवली नव्हती. आणि त्या मुलाच्या बाबतीत मी मागणेच काढून टाकले होते, म्हणजे त्यालाही नाही म्हणायची जागा उरली नव्हती. मी त्याच्या वतीने नाही म्हणून टाकले होते. मी एक ओळ मागू शकले असते. एक शब्द. माझ्या टेबलाशी, वर्ग सुटल्यावर. तो नको म्हणाला असता तर त्याचे नको ऐकता आले असते.

महाभारतात एक प्रसंग आहे, लहानपणी आजीने सांगितलेला. जयद्रथाला सूर्यास्तापूर्वी मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य कलतो आहे. रथाचे घोडे बाणांनी विद्ध, तहानेने व्याकूळ. तेव्हा भर रणात अर्जुन रथाखाली उतरतो, बाणाने जमिनीतून पाणी काढतो, आणि कृष्ण घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण आपल्या हातांनी उपटतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो. आजी इथे थांबून डोळे पुसायची. मी लहानपणी तेवढेच लक्षात ठेवले. परवा द्रोणपर्व पुन्हा काढून पाहिले, तर पुढचे आहे. कृष्ण त्या घोड्यांना पुन्हा रथाला जुंपतो. ज्या हातांनी बाण काढले त्याच हातांनी. आजी हा भाग चटकन सांगून मोकळी होत असे. मला आता तोच भाग जड वाटतो. त्या घोड्यांना कोणी विचारले होते काय? व्यासांनी ते सांगितलेले नाही. पण ते हात घोड्यांच्या अंगावर फिरले होते, कुठे किती दुखते हे त्या हातांना ठाऊक होते. न चोळता जुंपणारा सारथी आणि चोळून जुंपणारा सारथी यांत फरक आहे असे मला वाटते. तो किती मोठा, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही. रात्री कधी वाटते की फार मोठा. कधी वाटते, घोड्याच्या दृष्टीने जोखड ते जोखडच.

सप्टेंबर सरता सरता डॉक्टर पुन्हा येऊन गेले. दसऱ्याला खोगिराची पूजा झाली, बिजलीच्या गळ्यात झेंडूची माळ पडली आणि तिने ती म्हातारीची पाठ वळताच निम्मी खाल्ली. दोन दिवस रिकामे खोगीर पाठीवर ठेवून चालवली. मग कोजागिरीनंतरच्या एका सकाळी धनी म्हणाला, "आज बसवू या." गिऱ्हाईक नव्हे, घरचा मुलगा, चोवीस किलोचा, शाळेच्या गणवेशात. दहा मिनिटे, सपाटीने, पावलापावलाने. दावे त्याने माझ्या हातात दिले. मी म्हटले, "दादा, तुम्हीच धरा." तो म्हणाला, "न्या बाई. मी मागनं बघतो."

वळण आले. मुलगा वर बसून पाढे म्हणत होता, बहुधा मला खूष करायला. सोळाच्या पाढ्यात तो अडला. बिजली एक पाऊल थबकली. मीही थबकले. पुढे जा असे मी म्हटले नाही, परत फिर असेही नाही. दावे सैल होते. वाटेवर रात्रीच्या पावसाचे पाणी साचले होते, आणि मी तिच्या डोक्याकडे पाहत होते.